रिकिबीचं माप

घोडी पुढचा उजवा पाय टेकवत नव्हती. घोड्यांचे डॉक्टर उकिडवे बसून तो पाय चाचपत होते, तबेलेवाला त्यांच्या खांद्यावरून वाकून बघत होता, आणि घोडीचा मालक जरा लांब, भिंतीला पाठ लावून उभा होता. त्याच्या पाठीमागे खुंटीवर खोगीर टांगलेलं होतं. ते कोणाच्या नजरेस पडू नये, एवढीच त्याची या क्षणी इच्छा होती.

तोही डॉक्टरच होता, दातांचा. पण तबेल्यात डॉक्टर म्हणजे घोड्यांचे डॉक्टर. त्याला तिथे 'साहेब' म्हणत, आणि ज्या सुरात म्हणत तो सूर त्याला कधीच आवडला नव्हता.

"डांबरी रस्त्यावर पळवलीय हिला," घोड्यांचे डॉक्टर म्हणाले. "शीर ताणलीय. बरी होईल, पण वेळ लागेल."

घोडीच्या मानेवर हात ठेवून मेव्हणी उभी होती. साहेबाच्या बायकोची मामेबहीण. शाळेत भूगोल शिकवायची. रोज उजाडताच तबेल्यात पहिली तीच यायची, आज फोनही तिनेच केला होता. व्यवस्था बायकोने जेवताजेवता लावून दिली होती. "तुम्हाला वेळ नाही, हिला घोडा नाही. मग अडलंय कुठे?" घोडी साहेबाची. मेव्हणीने तिला फिरवायचं, खरारा करायचा, आणि साहेबाला बसावंसं वाटेल त्या दिवशी निमूट बाजूला व्हायचं. कागद नाही, वार ठरलेले नाहीत, सगळं तोंडी.

साहेबाला बसावंसं वाटलं असा दिवस काही उजाडला नाही. घोडी घेतली तेव्हा तो एकदाच बसला होता, आणि उतरायची वेळ त्याच्याऐवजी घोडीने ठरवली होती. तेव्हापासून तो बुटांना पॉलिश करून यायचा, हात लांब करून गाजर द्यायचा आणि परत जायचा.

"घोडी साहेबांची, मांड ताईंची," तबेलेवाला एकदा चहा पिता पिता म्हणाला होता. सगळे हसले. साहेबही हसला. दातांच्या डॉक्टरला हसायला काय लागतं? पण ते वाक्य त्याच्याबरोबर घरी आलं, आणि राहायलाच आलं.

म्हणून काल दुपारी, तबेल्यात चिटपाखरू नसताना, त्याने खोगीर चढवलं. पाय अडकवायच्या रिकिबी मेव्हणीच्या मापाला बांधलेल्या होत्या. ती ठेंगणी, आणि याला कॉलेजात 'शिडी' म्हणत. तसाच बसला असता तर गुडघे हनुवटीला लागले असते. त्याने पट्टे सोडून रिकिबी पार खालच्या भोकापर्यंत आणल्या. फाटकापर्यंत तो स्वार होता. रस्त्यावर एका ट्रकने भोंगा वाजवला, आणि तिथून पुढे तो ओझं होता. "थांब गं बाई, थांब," असं घोडीच्या कानात रडवेल्या आवाजात म्हणत त्याने तिच्या गळ्याला मिठी मारली. घोडी मनात आलं तेव्हा परत फिरली. त्याने खोगीर खुंटीवर टाकलं आणि घर गाठलं. रिकिबी वर करायच्या राहिल्या. ते त्याला आत्ता, इथे उभं राहिल्यावर आठवलं.

"मागे इथल्या एका पांढऱ्या घोड्याचं हेच झालं," तबेलेवाला उसासून म्हणाला. "मालकानेच नेऊन पाडला. लोक हसले, तर रागारागात घोडाच विकून टाकला. कुठे गेला बिचारा, कोणाला माहीत. काल मी सासुरवाडीला होतो. साहेब, तुम्ही आला होतात का हो?"

"मी? छे! घरातून हललोच नाही." तोंडात कापसाचे बोळे भरल्यासारखा त्याचा आवाज आला.

मेव्हणीने त्याच्याकडे पाहिलं. "नक्की ना, भाऊजी? आला नव्हतात?"

"नाही म्हटलं ना!"

"मग मीच," ती म्हणाली. "काल सकाळी मी नेली होती."

साहेबाला ते लगेच पटलं. नेली असेलही. कदाचित सकाळीच पाय दुखावला असेल, आणि दुपारी आपण नुसते वर बसलो असू. स्वतःची निर्दोष सुटका करायला माणसाला साक्षीदार लागत नाही.

"ताई, तुमच्याकडून ही अपेक्षा नव्हती," तबेलेवाला म्हणाला.

आता मालकाने काहीतरी बोलणं भाग होतं. "हे बघ, माझा राग नाही," साहेब मोठ्या मनाने म्हणाला. "पण यापुढे व्यवस्था बंद."

"बंद तर बंद. फक्त हिला विकणार नाही, एवढं यांच्यासमोर सांगा."

"विकीन कशाला? शब्द दिला."

"वा, साहेब!" तबेलेवाला म्हणाला. पहिल्यांदाच त्या 'साहेब'मध्ये तो सूर नव्हता. साहेबाचे कान तापले. मेव्हणीने घोडीच्या कपाळाला कपाळ लावलं, खराऱ्याचा ब्रश जागेवर ठेवला आणि मागे न बघता ती फाटकाबाहेर गेली. बाकीचे दोघे हात धुवायला नळावर गेले.

साहेबाने चोरासारखं इकडेतिकडे पाहिलं आणि रिकिबी वर घ्यायला तो घाईघाईने खोगिराकडे वळला.

त्या वरच होत्या. मेव्हणीच्या मापाला, पट्ट्यांची टोकं नीट आत खोवलेली.