पांघरूण घातलेला टीव्ही

सिडनीच्या वाहिनीवाल्याने स्पीकरवर लावलेल्या फोनवरून नुकत्याच वारलेल्या म्हातारीचं नाव घेतलं, तसा क्लॅरीमामा खुर्चीतून उठून अंगणात गेला. ऑस्ट्रेलियातल्या टेनंट क्रीक गावच्या आदिवासींमध्ये वारलेल्या माणसाचं नाव घ्यायचं नसतं, चेहरा बघायचा नसतो, आवाज ऐकायचा नसतो. निदान दुखवटा सरेपर्यंत. त्याची भाची लियोना फोन हातात धरून तशीच उभी राहिली.

वाहिनीवाला भला माणूस. भली माणसंच जास्त वेळ बोलतात. विनोदी कार्यक्रमाच्या आजच्या भागातलं म्हातारीचं प्रहसन ठेवायचं की काढायचं, ते घरच्यांनी लगेच सांगावं, असं त्याचं म्हणणं. ठेवलं तर शेवटी श्रद्धांजली म्हणून तिचा मोठा फोटो दाखवू. फोटो नको, हे लियोनाने पुन्हा पुन्हा सांगितलं. नाव नको, हे सांगायचं राहिलंच.

प्रहसन लियोनानेच लिहिलेलं, आपल्या या म्हाताऱ्या मावशीसाठी. 'पडद्यावर मृत व्यक्ती दिसू शकतात' अशी सूचना आपल्या लोकांसाठी टीव्हीवर नेहमी लागते, तिचीच टिंगल. पडद्यावरची माणसं जिवंत आहेत ना, याची खात्री करायला म्हातारी क्रिकेटच्या मैदानात शिरते, बातम्या देणाऱ्याची नाडी बघते, आणि शेवटी कॅमेऱ्याला नाक लावून म्हणते, "घाबरू नका रे, मी अजून आहे." चित्रीकरणात कॅमेरावाला हसून खाली बसला होता. पहिल्यांदाच अख्खा कार्यक्रम आपल्या माणसांनी केलेला, आणि त्याचा सगळा जीव या म्हातारीत.

लियोना अंगणात आली. परवानगी द्यायची ती मामाने, म्हातारीचा पाठचा भाऊ तो.

"तीच म्हणाली होती, काही झालं तरी दाखव."

"जाणाऱ्याला काय जातंय सांगायला," मामा म्हणाला. "मागे आपण बसायचंय." मग त्याने विचारलं, "काढलं तर तिथे काय लावतील?"

"जाहिराती. गाड्यांच्या वगैरे."

मामा अंगणातल्या कुत्र्याकडे बघत राहिला. गाड्यांपेक्षा बहीण बरी, असा हिशेब बसला असावा.

"लोकांना बघू दे. आपण नाही बघायचं."

संध्याकाळी त्यांनी टीव्हीचा आवाज बंद केला, वर पांघरूण टाकलं. टीव्हीच बंद करायला मात्र कुणाचा हात पुढे होईना. घरातली सगळी पांघरुणासमोर बसली, नेहमीच्या जागा धरून. विणीतून उजेड हलत होता.

मग तो एकदम मंदावला. पलीकडून कुणी काचेच्या अगदी जवळ यावं तसा.

शेजारी दवाखान्यातली गोरी नर्स राहते. तिच्याकडे पाहुणे होते, खिडक्या उघड्या. तिथून हसण्याचा लोट आला, थांबला, पुन्हा आला.

मामाने मान वळवली. "कुठल्या वाक्याला हसले गं?"

लियोनाला ठाऊक होतं. मावशीसाठी लिहिलेलं तिचंच शेवटचं वाक्य, 'मी अजून आहे.' तिने तोंड उघडलं.

मामा वाट बघत राहिला.