मागे जायचं बटण

काकांनी लॅपटॉपच्या पडद्यावरच्या ब्युरेटची, म्हणजे उभ्या मोजनळीची, तोटी बोटाने फिरवली. थेंब टपटप पडू लागले, अगदी आवाजासकट. खालच्या फ्लास्कमधलं ॲसिड बराच वेळ पाण्यासारखं स्वच्छ राहिलं आणि मग एकदम गडद गुलाबी झालं.

"घालवलंत ना, काका! फिकट गुलाबीवरच थांबायचं असतं." ती हसली.

"मुद्दाम घालवलं. पुढे काय होतं ते बघायचं होतं."

पडद्यावरचा हा प्रयोग तिने सहा महिने खपून तयार केला होता. पदवी घेऊन तिला दोनच वर्षं झाली होती. काका रसायनशास्त्राच्या या प्रयोगशाळेत तीस वर्षं द्रावणं बनवत आलेले. विभागप्रमुख मॅडमनी स्पष्ट बजावलं होतं, काकांची सही झाल्याशिवाय हा प्रोग्रॅम मुलांच्या हाती पडणार नाही. आणि सही आज तीनच्या आत हवी होती.

काकांना सही करायचीच होती. चार मुलांत एक ब्युरेट, हा खेळ ते वर्षानुवर्षं बघत आले होते. एक ओततो, एक आकडे लिहितो, एक नुसता हो-हो करतो आणि चौथा खिडकीबाहेर बघतो. गेल्या परीक्षेत एक मुलगी ब्युरेटसमोर रडकुंडीला आली होती. वर्षभरात तिचा हात त्या तोटीला लागलाच नव्हता. घरी बसून असा सराव मिळाला असता तर ती निदान उभी तरी राहिली असती.

"आता ही गंमत बघा," म्हणत तिने कोपऱ्यातला बाण दाबला. गुलाबी रंग ओसरला. शेवटचा थेंब फ्लास्कमधून निघाला आणि गुपचूप वर ब्युरेटमध्ये जाऊन बसला.

काका पुढे वाकले. "हे काय?"

"मागे जायचं बटण. चूक झाली की एक पाऊल मागे. मुलं घाबरत नाहीत त्यामुळे. चाचणीत सगळ्यांना हेच सगळ्यात जास्त आवडलं."

"आवडणारच. मलाही आवडलं. घरी असतं तर तुझ्या काकूशी बोलताना रोज वापरलं असतं."

ती खळखळून हसली. काकाही हसले; पण सहीसाठी काढलेलं पेन त्यांनी परत खिशाला लावलं.

"इकडे ये जरा."

ओट्यावर एक ब्युरेट भरून तयार होती. खाली पांढरी फरशी, तिच्यावर ॲसिडचा फ्लास्क. काकांनी त्यात रंग बदलून दाखवणाऱ्या दर्शकाचे दोन थेंब टाकले.

"काका, मी रसायनशास्त्राचीच आहे हो. येतं मला."

"मग काय, दोन मिनिटांचं काम."

तिने उजव्या हाताने तोटी धरली आणि डाव्या हाताने फ्लास्क हलवायला घेतला.

"तुझ्या प्रोग्रॅममध्ये तर बरोबर दाखवलंय की," काका सहज म्हणाले. तिने निमूटपणे हात बदलले.

थेंब पडत राहिले. गुलाबी ठिपका उमटायचा, फ्लास्क हलवला की विरायचा. ती जवळ वाकली. आता, आता, असं म्हणेपर्यंत डाव्या हाताची बोटं जराशी जास्त फिरली आणि सगळा फ्लास्क गडद झाला.

तिचा उजवा हात फ्लास्क सोडून उचलला गेला. बोट पुढे झालं आणि हवेतच थांबलं. तिथे दाबायला काहीच नव्हतं.

काकांनी ते पाहिलं. मग विचारलं, "तुमच्या गटात ब्युरेट कोण धरायचं?"

"मैत्रीण." ती फ्लास्ककडेच बघत होती. "माझं अक्षर चांगलं होतं ना. आकडे मी लिहायचे."

काकांनी पाण्याची बाटली पुढे केली. "धू."

तिने फ्लास्क ओतून टाकला, विसळला, पुन्हा विसळला. पिपेटने मोजून ॲसिड घेतलं, दर्शक टाकला. ब्युरेट वरपर्यंत भरली, बुडबुडा काढला. दुसऱ्यांदाही घालवलं. पुन्हा धुणं, पुन्हा मोजणं. तिसऱ्यांदा थोडक्यात हुकलं. काका पलीकडे बाटल्यांना चिठ्ठ्या डकवत होते; त्यांनी मान वर केली नाही.

चौथ्या वेळी ती शेवटच्या थेंबाआधी थांबली. तोटीच्या टोकाला अर्धा थेंब लटकत होता. तो तिने फ्लास्कच्या आतल्या काचेला टेकवून घेतला, वरून पाण्याची बारीक धार सोडली आणि हलवलं. नखाखालच्या त्वचेसारखा फिकट गुलाबी रंग आला आणि टिकला. तिने श्वास सोडला तो थेट काकांना ऐकू गेला.

"काका, बघा ना."

काकांनी फ्लास्कमागे कोरा कागद धरून पाहिलं. "हं," एवढंच म्हणाले. एरवी ते तेवढंही म्हणत नसत.

तिने हात पुसले आणि ती लॅपटॉपपाशी जाऊन बसली.

मॅडम तीनला दहा मिनिटं असतानाच आल्या. उभ्या उभ्याच त्यांनी पडद्यावरची तोटी फिरवली. घाई होती; फ्लास्क गडद गुलाबी झाला.

"अगं, काल इथे मागे जायचं बटण होतं ना?"

"होतं," ती म्हणाली.

पडद्यावर अक्षरं उमटली, 'फ्लास्क धुवा'. मॅडमनी बोट ठेवलं. नळाचा आवाज सुरू झाला. फ्लास्क रिकामा झाला, विसळला गेला, पुन्हा विसळला जाऊ लागला. मॅडमनी घड्याळ पाहिलं, दोनदा पडद्यावर टिचकी मारली. पाणी आपल्या गतीने वाहत राहिलं.

"बिघडलंय का हे? किती वेळ घेतंय!"

काकांनी खिशाचं पेन काढलं आणि कागद पुढे ओढून सही केली.

"एवढाच लागतो, मॅडम."