खुंटी

घरकुलासाठी आमच्या कच्च्या घराचा फोटो काढायला सेनगावहून साहेब येणार होते. पाव्हणा येणार म्हटल्यावर बायकोनं भिंती सारवल्या, दारात रांगोळी काढली, शेजारच्या खुर्च्या आणून मांडल्या. घर पडकं दिसलं तरच मंजुरी, हे मी तिला सांगून थकलो. साहेबांनी चहाचा घोट घेत विचारलं, “पावसात गळतं का?” मी “व्हय” म्हणायच्या आत ती फणकारली, “माझ्या घराला नावं ठेवू नका!” मग कौतुकानं खुंटी दाखवली. “पिशवी अडकवा. लई मजबूत हाय.” साहेबांनी पिशवी अडकवली. खुंटी निघाली अन् तिच्यामागं अर्धी भिंत साहेबांच्या पायाशी आली. मी मनातल्या मनात हात जोडले. ती मात्र कमरेवर हात ठेवून कडाडली, “तुमीच पाडली! आता तुमीच बांधून द्या!” डोक्यावरची माती झटकत साहेबांनी मोबाईल काढला. “तेच करून राहिलो, मावशी.”