टेट्राचं पिंप

“ऊठ त्या पिंपावरून.”

सासरे दुसऱ्यांदा म्हणाले. सून उठली नाही. उलट तिनं पाय वर ओढून घेतले आणि झाकणावर चक्क मांडी घातली.

दुकान ड्रायक्लीनिंगचं. पिंपात टेट्रा होतं, डाग काढायचं जुनं रसायन. एके काळी त्याच्या गोडसर वासालाच गिऱ्हाइकं स्वच्छता समजत. मग त्यावर बंदी आली. तरी सासऱ्यांनी अर्धं पिंप मागच्या खोलीत दडवून ठेवलं होतं, आणि उद्या तपासणी होती. दुकानाची रीत ठरलेली: नको झालेलं टेट्रा पत्र्याच्या पसरट ट्रेमध्ये ओतायचं, गच्चीवर उन्हात ठेवायचं. थोड्या वेळात ट्रे कोरडा. ना गटार तुंबत, ना शेजारी कुरकुरत.

“उद्या साहेबांच्याच ताब्यात देऊ,” सून म्हणाली. “ते नष्ट करायची सोय आहे त्यांच्याकडे.”

“आणि दुकानाला टाळं लागलं म्हणजे? मग तुझ्या त्या ओझोनला बसव गल्ल्यावर!”

“मामंजी, उडालं म्हणजे संपलं नाही. ते वर चढतं. वर्षानुवर्षं टिकतं. कडक ऊन अडवणारा थर कुरतडतं.”

नवरा वैतागला. “अगं, लोकांनी टाक्याच्या टाक्या उडवल्या. आपल्या अर्ध्या पिंपानं काय आभाळ फाटणार आहे?”

“प्रत्येकाचं अर्धंच असतं.”

सासऱ्यांचा आवाज एकदम खाली आला. “आत्ता उठली नाहीस, तर या घरात राहायचं नाही.”

सुनेचा चेहरा पांढरा पडला. पण ती हलली नाही. सासऱ्यांनी बायकोला हाक मारली. “अगं, ऐकलंस ना? ओढ हिला खाली!”

सासूबाईंनी इस्त्री उभी केली. चहातल्या साखरेपासून चादरीच्या घडीपर्यंत सुनेचं काहीच त्यांना पटत नसे. सकाळीच दोघींची कडाक्याची जुंपली होती. त्यामुळे मुलगा समाधानानं बाजूला झाला, आईला वाट मोकळी करून दिली.

भरलेले ट्रे इतकी वर्षं गच्चीवर त्याच नेत आल्या होत्या. उतरताना त्या वासानं डोकं गरगरायचं, म्हणून कठडा घट्ट धरायच्या. खाली कुणी कधी विचारलं नव्हतं.

त्या पिंपाजवळ आल्या. झाकणाच्या कडेवर हात रोवला आणि सुनेवर खेकसल्या,

“सरक तिकडे. आख्खं पिंप काय तुझ्या बापाचं आहे?”