यजमानाच्या पाटावरचा डबा

शनिवारी दुपारी पुष्कर आणि सौमित्रची मैत्री संपली. पण तसं काही झालंच नाही, अशा थाटात सगळे मठ्ठा पीत राहिले.

लग्न ठरलेल्या सौमित्रचं केळवण पुष्करच्याच घरी होतं. आमंत्रण डब्याने दिलं होतं. मित्रांशी बोलायला वेळ नाही, म्हणून पुष्करने जुन्या कॉम्प्युटरांचे भाग जोडून आपल्या आवाजात बोलणारा हा डबा बनवला होता. कंपनीचा तयार डबा घेणं त्याला कमीपणाचं वाटे. मग कित्येक वर्षं तो आतल्या खोलीत डबाच सुधारत बसला.

आज भूक लागली म्हणून तो बाहेर आला. यजमानाच्या पाटावर डबा होता, भोवती रांगोळी.

"अरे, मी पुष्कर," तो म्हणाला.

"पुष्कर हा काय, इथे बसलाय," सौमित्र म्हणाला. "बरं, माझ्या होणाऱ्या बायकोचं नाव सांग."

पुष्करने डब्याकडे पाहिलं.

"मृदुला," डबा हळूच म्हणाला. "त्याला बोलू नकोस रे, दमलाय तो."

"बघ, तुलासुद्धा सांभाळून घेतो!" सौमित्रने मठ्ठ्याचा पेला डब्यापुढे सरकवला.

पुष्कर आत गेला आणि त्याने डब्याला लिहिलं:

"महोदय, काही दिवस आपल्या जागी मला पुष्कर म्हणून काम करू द्यावे, ही नम्र विनंती. मला या कामाचा पूर्वानुभव आहे."