रेशीम उशिरा येतं

डॉक्टर हुद्दारांनी स्पर्शमोजा हातातून काढला आणि ते हसले. "निर्मलाबाई, तुमच्या बोटांना माझ्या बोटांपेक्षा जास्त कळतं. मला तर यात काही बिघाड सापडत नाही."

निर्मलाच्या कपाळावरच्या पट्टीमुळे तिच्या मेंदूला पोचणारा प्रत्येक स्पर्श त्या मोज्यात उतरत होता आणि मोजा घालणाऱ्याला त्याच्या नसा वगळून थेट मेंदूत जाणवत होता. कॅन्सरच्या औषधांनी बोटं बिघडली असली तर ठीक, पण मज्जातंतूंचं आवरण झिजवणारा मल्टिपल स्क्लेरोसिस असेल तर? मेंदूच्या स्कॅनवरचे दोन ठिपके धड काहीच सांगत नव्हते.

"मोजा आमच्या जाऊबाईंना द्या," ती शेजारच्या खुर्चीकडे बघत म्हणाली. "माझ्यासारख्याच पैठणी विणणाऱ्या हाताला कळेल."

जाऊबाईंनी मोजा चढवला. निर्मलाने पिशवीतला रेशमाचा धागा चिमटीत धरला. जाऊबाई धाग्याकडे टक लावून बघत राहिल्या.

"बधिर नाहीत गं तुझी बोटं. सगळं कळतं त्यांना, पण उशिरा. धागा आधी दिसतो, मग बोटांत येतो."

डॉक्टरांचं हसू मावळलं. "औषधाने स्पर्श बोथट होतो. उशीर होतो तो बहुधा मज्जातंतूंचं आवरण झिजल्यामुळे. पाठीतलं पाणी काढून तपासावं लागेल."

निर्मलाने पट्टी सोडून जाऊबाईंच्या कपाळाला बांधली आणि मोजा स्वतः चढवला. "वेळेवर येणारं रेशीम कसं असतं, बघू तरी."

जाऊबाईंनी धागा चिमटीत धरला. तो आला, अगदी वेळेवर. पाठोपाठ अंगठ्यापासून मनगटापर्यंत कळ आली.

"जाऊबाई, हे कधीपासून?"

त्यांनी धागा खाली ठेवला. "तू वर्षभर दवाखान्यात. तुझा माग बंद कसा ठेवणार होते मी?"