रुमालवाली बाई

नाणं या वर्षी कुणी द्यायचं, यावरून शिंकानसेन गाडीतच वाद झाला.

"या वेळी नेत्रा देईल," शैलजा म्हणाली. "एप्रिलमध्ये आपण पुण्याला चाललो. पुन्हा कधी येणं होतंय?"

"मी का? मला ऑकवर्ड होतं," नेत्रा फोनमधून मान वर न काढता म्हणाली. पंधरा वर्षांची घोडी झाली, तरी निशिदा-सानांकडे गेलं की ती कोपऱ्यात फोन घेऊन बसायची.

जगदीशनं खिशातली डबी पुन्हा चाचपली. पोलंडच्या बँकेनं संग्राहकांसाठी काढलेलं चांदीचं नाणं, नोटेसारखंच लांबट. त्यावर जुन्या नोटेवरचं चित्र होतं, डोक्याला रुमाल बांधलेली बाई. दर मार्चला असं एक नाणं न्यायचा त्याचा नेम होता. आधी नोटेवरचा कोळी झाला, खाणकामगार झाला. ही बाई मिळवताना मात्र नाकी नऊ आले होते.

निशिदा-सान तरुणपणी पोलंडच्या एका गोदीत इंजिनियर होते. नवं लग्न होतं. तिथली प्रत्येक नोट त्यांची बायको हौसेनं अल्बममध्ये लावायची आणि रुमालवालीकडे बोट दाखवून म्हणायची, ही माझ्यासारखीच दिसते.

तो अल्बम त्सुनामीत गेला, आणि आपल्यामुळे गेला, ही टोचणी जगदीशच्या मनातून जात नव्हती.

तेव्हा ते सेंदाईजवळ समुद्राकाठच्या गावात, निशिदा-सानांच्या शेजारी राहत. भूकंप झाला तेव्हा जगदीश विद्यापीठात होता. घरात कपाट शैलजाच्या पायावर पडलं. ती कशीबशी बाहेर आली तोवर भोंगे वाजत होते आणि गल्ली रिकामी झाली होती. दोन वर्षांची नेत्रा तिचा हात सोडून शेजारच्या उघड्या दारातून आत धावली. शैलजा लंगडत मागे गेली. निशिदा-सान आदल्या वर्षी वारलेल्या बायकोच्या फोटोसमोर बसले होते. अंगात समारंभाचा काळा कोट, मांडीवर अल्बम. नेत्रा त्यांच्या बाहीला लोंबकळत होती. त्यांनी अल्बम खाली ठेवला, पोरीला पाठुंगळी घेतलं, शैलजाला हात दिला आणि तिघं देवळाची टेकडी चढली. वरून पाहिलं, तर खाली सगळं पाणीच होतं.

"सगळे पळाले. आपल्यासाठी थांबलेला हा एकच माणूस," शैलजा दरवेळी सांगायची.

निशिदा-सान आता टेकडीवरच्या सरकारी फ्लॅटमध्ये राहत. दार उघडून ते वाकले, नेहमीसारखेच जरा जास्त.

नेत्रानं दोन्ही हातांनी डबी पुढे केली. ती उघडून ते बराच वेळ बघत राहिले. बोट रुमालावरून फिरलं.

"तुमचे उपकार आम्ही जन्मात फेडू शकणार नाही," जगदीश आपल्या मोडक्या जपानीत म्हणाला. इतकी वर्षं झाली, तरी त्याचं जपानी कोपऱ्यावरच्या कॉन्बिनी दुकानाच्या काउंटरपुढे फारसं सरकलं नव्हतं.

"उलट आहे," निशिदा-सान म्हणाले. "आभार मी मानायचे."

हे ते दरवर्षी म्हणत. जपानी माणसाची नम्रता, असं जगदीशनं केव्हाच ठरवून टाकलं होतं.

मग नेहमीप्रमाणे ते आतल्या खोलीतल्या छोट्या देवघराकडे वळले. नाणं बायकोच्या फोटोसमोर ठेवायचं आणि तिच्याशी हळू आवाजात गावच्या बोलीत दोन शब्द बोलायचे, हा त्यांचा रिवाज. जगदीशला त्यातलं अक्षर कळत नसे. या वेळी त्यांनी नेत्रालाही खुणेनं आत बोलावलं. ती शेजारी गुडघ्यांवर बसली. घंटा वाजली.

जगदीशनं चहाचा घोट घेतला. फार बरं वाटत होतं त्याला. संपूर्ण फेड नाही, पण रुमालवाली बाई तरी आपण घरी आणून पोचवली.

नेत्रा बाहेर आली तेव्हा तिचे डोळे भरले होते. फोन आतच राहिला होता.

"काय गं, काय म्हणाले आजीला?" शैलजानं विचारलं.

जपानी शाळेत वाढलेल्या नेत्राला मराठी शब्द जुळवायला वेळ लागला.

"म्हणाले, हीच ती पोर. अल्बम घेऊन मी तुझ्याकडे यायला पाण्याची वाट बघत बसलो होतो, तेव्हा हिनं बाही ओढून मला उठवलं."